किती तक्रारी म्हणजे एक दोष?

आग्रही : काका, तुमची सही मागायला आले नाही. तीस वर्षं तुम्ही गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला होतात, म्हणून हे पत्र आधी तुम्हाला दाखवतेय. आमच्या मॉडेलचं स्टेअरिंग चालत्या गाडीत मधूनच जड होतं. माझ्या बाबतीत पहिल्यांदा झालं ते डोंबिवलीच्या कोपर पुलाच्या चढावर. पुढे रिक्षा, मागे बस, आणि हातातलं चाक एकाएकी इतकं घट्ट झालं की दोन्ही हातांनी ओढावं लागलं. समोर एक पिवळा दिवा लागला. पूल उतरून गाडी बाजूला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली, तर दिवा गेलेला आणि चाक नेहमीसारखं हलकं. गाडी वर्कशॉपला टाकली. त्यांनी स्कॅनर लावला, एक चक्कर मारली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'तक्रार आढळली नाही'. चार महिन्यांत तीनदा गेले, तिन्ही जॉब कार्डांवर तेच वाक्य. काउंटरवरचा मुलगा दर वेळी म्हणायचा, मॅडम, अशी तक्रार आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग एकेक करून माणसं सापडत गेली. डोंबिवली, कल्याण, ठाणे, वसई, पुणे. प्रत्येकजण आपापल्या वर्कशॉपात पहिलाच होता. आज आम्ही ६१ जण आहोत. कंपनीने दोष मान्य करावा, या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलवाव्यात आणि तो भाग फुकट बदलून द्यावा, एवढंच पत्रात आहे.

साशंक : पत्र वाचलं. तू घाबरलीस ते खरं आहे, त्याबद्दल मला काही शंका नाही. पण 'दोष' हा शब्द पत्रात सात वेळा आलाय आणि दोष कशात आहे ते एकदाही आलेलं नाही. जड होणं हे लक्षण झालं. अंगात ताप आहे एवढ्यावरून मलेरिया की टायफॉइड ते डॉक्टर सांगत नाही, तसंच हे. तुमच्या गाडीत स्टेअरिंगला मदत करायला एक विजेची मोटर असते. तू चाक किती जोराने फिरवतेस ते एक सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबाने मोटर हातभार लावते. बॅटरी उतरली, अल्टरनेटर नीट चार्ज करेनासा झाला, कनेक्टरमध्ये ओल गेली, सेन्सर बिघडला, मोटर तापली, यातलं काहीही झालं तरी ती यंत्रणा मदत बंद करते. मुद्दाम करते, कारण चुकीची मदत ही मदत नसण्यापेक्षा वाईट. चाकाचा आणि टायरचा लोखंडी सांधा तसाच राहतो, म्हणून चाक जड होतं, अडकत नाही. आता तुमच्या ६१ जणांपैकी कितीजणांनी बॅटरी बदलली होती? कितीजणांनी बाहेरून मोठे दिवे, मोठी म्युझिक सिस्टिम बसवलीय? यातलं काहीच तुम्ही विचारलेलं नाही. आणि प्रामाणिक माणसं चुकतात हेही लक्षात ठेव. १९८६ साली अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीवर असंच वादळ उठलं होतं. ब्रेक दाबला तरी गाडी आपोआप सुसाट सुटते असं मालक शपथेवर सांगत होते. टीव्हीवर कार्यक्रम झाला, गाडीची विक्री कोसळली. सरकारी यंत्रणेने तपास केला आणि १९८९ मध्ये सांगितलं की बहुतेक ठिकाणी पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसंच वाटलं होतं.

आग्रही : ऑडीची गोष्ट मीही वाचलीय, आणि तिचा पुढचा भाग तुम्ही सांगितला नाहीत. त्या गाड्या परत बोलावून त्यांना एक कुलूप बसवलं गेलं. ब्रेकवर पाय असल्याशिवाय गिअर पार्किंगमधून निघणारच नाही, असं. आज ऑटोमॅटिक गाडीत हे सगळीकडे असतं. म्हणजे चूक पायाची होती असं धरलं तरी ती चूक जीवघेणी ठरू नये इतकं गाडीत करता येत होतं आणि ते केलं गेलं. मालक कारण सांगण्यात चुकले असतील, धोका सांगण्यात चुकले नव्हते. आता कारण शोधून आणा हे तुमचं म्हणणं घेऊ. कशावर शोधू? बिघाडाची नोंद गाडीच्या संगणकात, तो वाचायचा स्कॅनर वर्कशॉपकडे, त्यातल्या आकड्यांचा अर्थ कंपनीच्या इंजिनिअरकडे. देशभरात या मॉडेलच्या स्टेअरिंगच्या किती मोटरी वॉरंटीत बदलल्या, कुठल्या महिन्यात बनलेल्या गाड्यांच्या बदलल्या, हा हिशेब एकाच ठिकाणी आहे. आमच्याकडे काय, तर ६१ जॉब कार्डं आणि त्यांवर 'तक्रार आढळली नाही'. ज्या कागदावर आमचा पुरावा राहायला हवा त्याच कागदावर तो पुसला जातो. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ह्युंदाईच्या एका क्रेटाची केस आली होती. अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. टक्कर पुरेशा जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. वेग आणि बळाचे हिशेब करायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा जाणकार नसतो, अशा अर्थाचं त्यात म्हटलंय. तुम्ही आज माझ्याकडून नेमकं तेच मागताय.

साशंक : ती केस मला ठाऊक आहे. गाडी २०१५ ची, अपघात २०१७ चा, शेवटचा निकाल २०२२ चा. त्या गृहस्थाला गाडी बदलून मिळाली, भरपाई मिळाली, चांगलं झालं. पण त्या निकालाने रस्त्यावरच्या दुसऱ्या एका गाडीची एअरबॅगसुद्धा तपासली गेली नाही. ग्राहक न्यायालय एका माणसाचं झालेलं नुकसान बघतं. तुला हवंय ते न झालेलं नुकसान टाळणं, हजारो गाड्यांमधलं. त्यासाठी अमुक भाग, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बनलेला, अमुक कारणाने निकामी होतो, इतकं नेमकं बोलावं लागतं. नाहीतर बोलवायचं कुणाला? सगळ्यांनाच बोलावलंस तर वर्कशॉपं तुंबतात, नवे भाग पुरत नाहीत आणि ज्याच्या गाडीला खरा धोका आहे तो रांगेत मागे राहतो. खबरदारीचीही किंमत असते. कोपर पूल बंद होता तेव्हा ठाकुर्लीला वळसा घालताना कंटाळून तू काय काय बोलायचीस ते मला आठवतंय.

आग्रही : बोलायचे, खरं आहे. २०१९ च्या सप्टेंबरपासून २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत, दोन वर्षं. पण तो पूल कसा बंद झाला ते बघा ना. पूल धोक्याचा आहे हे डोंबिवलीकरांच्या सह्या मोजून ठरलं नव्हतं. इंजिनिअरांनी तपासला, वाहतुकीला योग्य नाही म्हणून सांगितलं, आणि रेल्वेने, महापालिकेने तो बंद केला. आम्ही चिडलो, वळसे घातले, पण पुलाखालून लोकल जातात हे सगळ्यांना कळत होतं. गाडीच्या बाबतीत तपासणारा कोण आणि बनवणारा कोण? वर्कशॉप कंपनीचं, स्कॅनर कंपनीचा, निर्णय कंपनीचा. काका, मला एक सांगा. वर्कशॉपात जो भाग काढून नवा बसवतात, तो जुना भाग कुठे जातो?

साशंक : आमच्याकडे यायचा. इतकी वर्षं झाली, पण ते टेबल अजून डोळ्यांपुढे आहे. दर महिन्याला खोक्यांतून भाग यायचे, प्रत्येकाला तारेने बांधलेला एक टॅग. त्यावर गाव, गाडी किती किलोमीटर चालली, कधी बसवला, कधी काढला आणि वर्कशॉपने लिहिलेली एका ओळीची तक्रार. मी ते टेबलावर गावांप्रमाणे मांडायचो. एका वर्षी सारखं दिसायला लागलं की मुंबई, रत्नागिरी, मंगळूर, चेन्नई अशा टॅगवाल्या भागांच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर धरलाय. नागपूर, इंदूरच्या भागांत तो नाही. खारी हवा आत जात होती. रबराचं सील अर्धा मिलीमीटर कमी पडत होतं. मी अहवाल दिला. आमच्या साहेबांनी तो वर पाठवला, गाडीवाल्या कंपनीने मान्यही केला. चार महिन्यांत नवं सील आलं. याला आमच्याकडे रनिंग चेंज म्हणतात. चालू उत्पादनात बदल. पुढच्या गाड्या चांगल्या निघाल्या. आधीच्या ज्या समुद्रकाठी फिरत होत्या, त्यांचं काय, हे मी विचारलं नाही. माझ्या कामात ते बसत नव्हतं. तो भाग ब्रेकचा किंवा स्टेअरिंगचा नव्हता, वायपरचा होता, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण भर पावसात महामार्गावर वायपर बंद पडला तर तोही जिवाचाच प्रश्न असतो.

आग्रही : जनरल मोटर्समध्ये हेच झालं होतं. इग्निशनचा स्विच इतका सैल, की किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने चालत्या गाडीत तो बंदकडे सरकायचा. इंजिन बंद, स्टेअरिंग जड आणि एअरबॅग निकामी. २००६ मध्ये स्विचची रचना गुपचूप बदलली, भागाचा नंबर मात्र तोच ठेवला, म्हणजे जुना कुठला नि नवा कुठला ते कागदावर कळूच नये. जॉर्जिया राज्यातल्या एका खटल्यात, मृत मुलीच्या आईवडिलांच्या बाजूने काम करणाऱ्या इंजिनिअरने जुना आणि नवा स्विच शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा तो फरक दिसला. गाड्या परत बोलावल्या गेल्या २०१४ मध्ये, २६ लाख. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू त्या स्विचच्या खाती मान्य केले. आणि अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेकडे त्याआधी तक्रारी नव्हत्या असं नाही. होत्या. कल दिसत नाही म्हणून तपास उघडला गेला नाही. टेबल कंपनीच्या घरात आणि खोकी विखुरलेली असली की कल दिसणार कुणाला? आम्ही ६१ जण जे करतोय ते तुमचंच काम आहे, काका. टॅग नसलेले भाग टेबलावर मांडतोय.

साशंक : मग नीट मांडा. आणि कायदा काय म्हणतो ते बघून मांडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं. त्याआधी आपल्याकडे गाडी परत बोलावण्याची सक्ती करणारी तरतूदच नव्हती, २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता तेवढी होती. नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ ला. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीच्या प्रमाणात ठरावीक मालकांनी तक्रार नोंदवलेली हवी. वर्षाला पाचशेपर्यंतच खपणारी गाडी असेल तर शंभराच्या आत भागतं, दहा हजारांच्या वर खपणारी असेल तर आकडा हजाराच्या वर जातो. तुमची गाडी गल्लोगल्ली दिसते. म्हणजे तुमचे ६१ काहीच नाहीत.

आग्रही : हाच माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. गाडी जितकी जास्त खपते तितकी जास्त माणसं धोक्यात, आणि तितकाच कायद्याचा उंबरठा उंच. त्या उंबरठ्याशी कोण पोचतं? ज्याला संगणकावर तक्रार भरता येते, ज्याला वेळ आहे, ज्याला इंग्रजी फॉर्मची भीती वाटत नाही. टुरिस्ट गाडी चालवणारा माणूस दिवसाचा धंदा बुडवून तक्रार भरत नाही, तो स्टेअरिंग जड झालं की बाजूच्या गॅरेजात बॅटरीची तार घट्ट करून घेतो आणि पुढच्या भाड्याला निघतो. शाळेची व्हॅन चालवणाराही तसाच. आणि जो मेला तो तक्रार भरत नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलं जातं, चालकाचा ताबा सुटला. ताबा का सुटला हे विचारणारं कुणी नसतं. अशा हजार तक्रारी जमेपर्यंत थांबायचं, म्हणजे नेमकी कशाची वाट बघायची?

साशंक : थांब, कलम पूर्ण वाच. मालकांचं प्रमाण हा त्यात एक मार्ग आहे. दुसरा, चाचणी करणाऱ्या संस्थेने दोष कळवला तर. आणि तिसरा, 'इतर कोणत्याही स्रोताकडून' कळला तर. तो तिसरा दरवाजा मोठा आहे आणि त्यावर कुणी थाप मारत नाही, कारण सगळे पहिल्या दारापाशी आकडे मोजत बसतात. ग्राहक संरक्षण कायद्यातही दारं आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत घ्यायला लावण्याचा अधिकार आहे. ग्राहकांच्या समूहाच्या हक्काचा प्रश्न असेल तर जिल्हाधिकारी चौकशी करून अहवाल देऊ शकतात, म्हणजे तुझा अर्ज ठाण्यालाही जाऊ शकतो. पण त्या तिसऱ्या दारातून आत जायचं तर हातात आकडा नको, पुरावा हवा. दहा गाड्या पुरतात, त्या दहांमध्ये एकच भाग, एकच बॅच, एकच खूण दाखवता आली तर. आणि उंबरठा ठेवण्यामागे नुसती कंपन्यांची सोय नाही. प्रतिस्पर्ध्याने पेरलेल्या तक्रारी असतात, वॉरंटी संपल्यावर फुकट भाग मिळावा म्हणून केलेल्या असतात, ऐकून आपल्यालाही तसंच होतंय असं वाटून केलेल्या असतात. सगळ्यांवर धावून जायचं ठरवलं तर खऱ्या धोक्याकडे बघायला माणूस उरत नाही.

आग्रही : पुरावा दिसणारा असला की यंत्रणा धावते, हे मात्र मी पाहिलंय. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला ओलाची स्कूटर उभ्या उभ्या पेटली. व्हिडिओ देशभर गेला. एप्रिलमध्ये नाशिकला दुसऱ्या कंपनीच्या स्कूटर कंटेनरमध्येच जळाल्या. त्याच महिन्यात ओलाने त्या बॅचच्या १,४४१ गाड्या परत बोलावल्या, ओकिनावाने ३,२१५. सरकारने तपास लावला, बॅटरीचे नियम कडक झाले. कुणी हजार तक्रारी मोजल्या नाहीत. आग कॅमेऱ्यात दिसते. जड झालेलं चाक दिसत नाही, ते फक्त त्या माणसाच्या मनगटाला कळतं. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? एखादी गाडी कोपर पुलाच्या कठड्यावर आदळायची वाट बघायची?

साशंक : नाही. पण आरडाओरड करून कंपनीला भिंतीशी नेलंस की ती वकिलाच्या मागे लपते, हे मी आतून पाहिलंय. जिथे रिकॉल म्हणजे बदनामी असते तिथे कुठलाही अधिकारी त्यावर सही करायला धजत नाही. उलट बाजू बघ. जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या आपणहून परत बोलावल्या, स्टेअरिंगच्या टाय रॉडचा भाग क्वचित तुटू शकतो म्हणून. त्याच वर्षीच्या जानेवारीत एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी १७,३६२ बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा काय असतो? 'कंपनीच्या गाड्यांत गंभीर दोष'. वाचणारा म्हणतो, ही कंपनी नको, ती दुसरी घेऊ, तिच्या नावाने काही छापून येत नाही. अरे, छापून येत नाही म्हणजे दोष नाही असं कुठे आहे? कदाचित तिथे कुणी टॅग वाचतच नसेल. आपल्याला कंपनीने दोष सांगायलाही हवा आणि सांगितला की शिक्षाही द्यायची असते. नियमांत दंड आहे १० लाखांपासून १ कोटीपर्यंत, तो आपणहून न बोलावणाऱ्याला. एखादं मॉडेल बाजारातून उठण्याच्या भीतीपुढे एक कोटी काय आहे? म्हणून म्हणतो, पत्रात 'रिकॉल' शब्दाचा हट्ट धरू नकोस. भाग बदलून मिळतोय ना, मग त्याला काय हवं ते म्हणू देत.

आग्रही : तिथेच मी अडते, काका. मुंबईतली पहिली नॅनो पेटली ती २०१० च्या मार्चमध्ये, शोरूममधून घरी जाताना. माणसं वेळेवर उतरली म्हणून वाचली. नंतर आणखी पेटल्या. कंपनीने तपास केला, रचनेत दोष नाही म्हटलं आणि त्या नोव्हेंबरात एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून देऊ केलं. हे रिकॉल नाही, असंही स्पष्ट केलं. ओलाच्या स्कूटरचे पुढचे फोर्क तुटल्याचे फोटो लोक टाकत राहिले, तेव्हा मार्च २०२३ मध्ये नवा भाग फुकट मिळाला, नाव होतं अपग्रेड. मालकांनी दाब दिला आणि भाग मिळाला, दोन्ही वेळेला आपलाच विजय, असं तुम्ही म्हणाल. पण शब्द बदलला की माणूस बदलतो. 'अपग्रेड आलंय' म्हटल्यावर येतो तो हौशी, ज्याला गाडीची नवी गोष्ट हवी असते. 'तुमच्या गाडीत जिवाला धोका आहे' म्हटल्यावर तोही येतो ज्याला एक दिवसाचा धंदा बुडवणं परवडत नाही. आणि ईको म्हणालात म्हणून सांगते, आमच्या शेजारच्या इमारतीतली मुलं ज्या व्हॅनने शाळेत जातात ती ईकोच आहे, आणि तिचा मालक तिसरा. कंपनीचं पत्र पहिल्याच्या पत्त्यावर गेलं असेल. शब्द मोठा असेल तरच तो तिसऱ्या माणसापर्यंत ऐकू जातो. माझी आई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. १९७५ पासून मुंबईत हे चालू आहे, दहा-पंधरा घरांनी मिळून महिन्याचं वाणसामान आणायचं. ती म्हणायची, तांदळात खडे निघाले की नुसतं बदलून घ्यायचं नाही, वहीत लिहायचं, म्हणजे पुढच्या महिन्यात दुसऱ्या संघाला तोच तांदूळ जात नाही. मला ती वहीतली नोंद हवी आहे.

साशंक : वहीतली नोंद. बरं. मग तुमच्या यादीत मघाशी मी एक बघितलं ते विचारतो. ६१ नावांपैकी तीन नावांपुढे 'गाडी विकली' असं लिहिलंय. विकताना त्यांनी घेणाऱ्याला सांगितलं का?

आग्रही : नाही.

साशंक : तुला माहीत होतं?

आग्रही : एकाचं माहीत होतं. कल्याणचा आहे. त्याच्या गाडीला सगळ्यात जास्त वेळा झालं होतं, पाच की सहा. घरात लहान मूल, बायको म्हणाली ही गाडी दारात नको. त्याने ऑनलाइन विकणाऱ्यांकडे दिली, त्यांनी तपासून ओके म्हटलं, जॉब कार्डांवरही 'तक्रार आढळली नाही' होतंच. मी त्याला तेव्हा काही बोलले नाही. मनात आलं होतं की बोलले तर तो समूह सोडून जाईल, आणि सगळ्यात भक्कम नोंद त्याचीच आहे. शिवाय आम्ही सगळेच थोडे घाबरलेलो असतो. हा दोष गाजला तर आमच्या गाड्यांना भाव येणार नाही, म्हणून पेपरात द्यायला निम्मे लोक तयार नाहीत. आधी कंपनीने बदलून द्यावं, मग बोलू, असं म्हणतात. तुम्ही मघाशी वायपरचं सांगितलंत तेव्हाच मला कल्याणची गाडी आठवली होती. मी बोलले नाही.

साशंक : मी तुला खजील करायला विचारलं नाही. पण कंपनीवर जे आरोप तू पत्रात केलेत ते तीनच आहेत. माहीत असून सांगितलं नाही, नुकसान होईल म्हणून सांगितलं नाही, आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न त्यालाच सांगितलं नाही. कंपनी मोठी, तिचं ज्ञान मोठं, म्हणून तिची जबाबदारी शंभरपट. तरी जात तीच आहे. त्या तीन गाड्या आज कुणाच्या तरी हातात आहेत आणि त्याला पिवळा दिवा लागला तर त्याचा अर्थ ठाऊक नाही.

आग्रही : फरक आहे, काका. त्या कल्याणच्या माणसाने तीनदा वर्कशॉपला जाऊन विचारलं, त्याला लेखी सांगितलं गेलं की काही नाही. 'काही नाही' असं कागदावर असताना तो घेणाऱ्याला 'काहीतरी आहे' असं कशाच्या आधारावर सांगणार? कंपनीने वर खोटी नोंद केली की ते खोटं खाली खाली झिरपत जातं आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात आपापलं छोटं खोटं येतं. हे त्याला सोडून द्यायला म्हणत नाही. आज रात्री मी त्याला फोन करीन, गाडीचा नंबर एमएच ०५ चा आहे, घेणारा कोण ते शोधता येईल. दुसरा पुण्याचा, तोही सांगेल. तिसऱ्याने नंबर बदललाय. पण मग मलाही तुम्हाला एक विचारू द्या. कायद्यात तुम्ही दाखवलेलं ते तिसरं दार, इतर कोणताही स्रोत. आमच्या ६१ जणांत एकालाही कनेक्टर उघडून त्यातलं हिरवं ओळखता येत नाही. तुम्हाला येतं. कोपर, डोंबिवली, वसई, सगळी खाडीकाठची गावं आहेत. माझी गाडी खाली उभी आहे.

साशंक : उघडली तर वॉरंटी जाईल. बाहेरच्या माणसाने छेडछाड केली असं लिहितील, आणि कायद्यातही उत्पादकाला तो बचाव आहे, वस्तूत फेरफार केला म्हणून. आधी त्यांना लेखी कळवायचं की तपासणी आमच्या समोर करा, कनेक्टर आमच्या समोर उघडा, फोटो काढू द्या. नकार दिला तर तोही लेखी मागायचा. आणि मी सापडेल ते खरं सांगेन. बॅटरीची तार सैल निघाली तर तेच लिहीन आणि तुमचं पत्र तिथेच संपेल. ते चालेल?

आग्रही : माझ्या गाडीपुरतं संपेल.

साशंक : आणि हिरवं निघालं तर मला माझ्या जुन्या साहेबांना फोन करावा लागेल. ते आता ऐंशीचे आहेत. त्या अहवालाची प्रत त्यांच्याकडे होती, माझ्याकडे नाही. ते काय म्हणतील ठाऊक नाही. त्या कारखान्यात माझा भाचा काम करतो. मी आज होकार देत नाही, विचार करतो. तू पत्रातले ते सात 'दोष' काढून टाक आणि त्या जागी एक तक्ता घाल. गाव, चासी नंबर, बनल्याचा महिना, किती किलोमीटरला झालं, हवा कशी होती, पाऊस होता का, बॅटरी कधी बदलली. विकलेल्या तीन गाड्याही त्यात असू देत, आणि शेवटी एक रकाना, आज गाडी कुणाकडे आहे. आमच्या टॅगवर तो रकाना नसायचा.